२२, २४ की २७ इंच? आधी टेबल मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, ऑफिसात दोन नवे डेस्कटॉप बसवायचेत, त्यांना मॉनिटर किती इंची घ्यायचा? एकावर दिवाणजी टॅली, एक्सेल आणि जीएसटीचं काम करणार. दुसऱ्यावर पुतण्या जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, डिझाईन काढणार. सध्या १३४४ हुकांचं इलेक्ट्रॉनिक जकार्ड आहे, पुढे २६८८ चं घ्यायचा विचार आहे. मधूनमधून अण्णा, म्हणजे मालकांचे वडील, हिशेब बघायला बसतात आणि त्यांना प्रोग्रेसिव्ह (एकाच भिंगात लांबचा आणि जवळचा नंबर असलेला) चष्मा आहे. टेबलं दोन फूट खोल, भिंतीला टेकवलेली. दुकानदार म्हणतो, "सरळ सत्तावीस घ्या, हल्ली बावीस कोण घेतंय?" सीए म्हणतात, "बावीस रग्गड झाला." खरं कोणाचं धरायचं? आणि मापानुसार जीएसटी बदलतो का?

मालक, दोघांनीही तुमचं टेबल बघितलेलं नाही, तिथंच घोळ आहे. सोलापुरात कॉम्प्युटर जोडून द्यायच्या धंद्यात माझी निम्मी हयात गेली. मॉनिटर बदलून मागायला येणारं गिऱ्हाईक पडदा लहान पडला म्हणून क्वचितच येतं. "डोळे दुखतात", "मान धरते", "अक्षरं फुटकी दिसतात" अशीच तक्रार असते आणि बहुतेक वेळा चुकीच्या अंतरावर ठेवलेला मोठा पडदा त्याच्या मुळाशी निघतो. म्हणून आधी टेप घ्या.

तुमचं टेबल दोन फूट, म्हणजे ६१ सेंटीमीटर. मॉनिटरचा स्टँड भिंतीला लावला, मागे केबलला बोट-दोन बोटं जागा सोडली, तरी पडद्याचा पुढचा भाग भिंतीपासून १५ ते २० सेंटीमीटर पुढे येतो. राहिले चाळीस-पंचेचाळीस. ताठ बसलेल्या माणसाचे डोळे टेबलाच्या कडेपासून साधारण दहा सेंटीमीटर मागे असतात. म्हणजे डोळा ते पडदा हे अंतर जेमतेम ५० ते ५५. आणि मार्चएंडला संध्याकाळी सातनंतर कोणी ताठ बसत नाही, तेव्हा ते ४५ वर येतं. डेस्कटॉपसाठी ५० ते ७५ सेंटीमीटर अंतर बरं मानतात. तुम्ही त्याच्या खालच्या टोकाला आहात.

आता पडद्यांची खरी मापं. इंच हे कर्णाचं माप असतं, टेबलावर जागा व्यापते ती रुंदी-उंची. नेहमीच्या १६:९ पडद्यांत २२ म्हणून विकला जाणारा बहुतेक वेळा साडेएकवीसच असतो, तो ४७.६ सेंटीमीटर रुंद आणि २६.८ उंच. २४ म्हणजे खरा २३.८: रुंदी ५२.७, उंची २९.६. २७ इंची ५९.८ बाय ३३.६. ३२ म्हणून मिळणारा बऱ्याचदा साडेएकतीस: ६९.७ बाय ३९.२. खोक्यावर कर्णाचं खरं माप सेंटीमीटरमध्ये छापलेलं असतं, ५४.६, ६०.४, ६८.६ वगैरे, दुकानात तेच वाचा, फळ्यावरचा गोल आकडा नको.

एक गंमत सांगतो. जुन्या ऑफिसांतून अजून दिसतो तो १७ इंची चौकोनी एलसीडी, त्याची उंची २७ सेंटीमीटर असते. म्हणजे आजचा २२ इंची त्याच्यापेक्षा रुंद आहे, पण उंच अजिबात नाही. "पाच इंचांनी मोठा घेतला तरी पान तेवढंच दिसतं" असं जे लोक म्हणतात ते खरंच आहे. हिशेबाच्या कामाला उंची लागते. २३.८ इंचाची उंची २९.६ आणि ए-फोर कागद २९.७ उंच. बिलाची पीडीएफ फुल स्क्रीन केली की त्यावर जवळजवळ मूळ मापात उभी मावते. बावीसवर मावत नाही, तिथं एकतर सरकवायची किंवा बारीक करून डोळे बारीक करायचे. दिवाणजींच्या टेबलावर मी २४ ठेवा म्हणतो त्याचं मुख्य कारण हे, आणि बावीसमधला फरक काही फार मोठ्या रकमेचा नसतो.

पण निव्वळ मापावर हा निकाल लागत नाही, कारण काम किती मावेल हे इंचांवर अवलंबून नाही, ते पिक्सेलवर, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांच्या संख्येवर आहे. हे एकदा नीट समजून घ्या, मग दुकानदार काहीही बोलला तरी फसणार नाही. बाजारातले २२, २४ आणि स्वस्तातले २७, तिन्ही बहुधा फुल एचडी असतात: आडवे १९२०, उभे १०८० पिक्सेल. एक्सेलची साधी ओळ १०० टक्क्यांवर सुमारे २० पिक्सेल उंचीची. म्हणजे या तिन्ही पडद्यांवर ओळी तेवढ्याच दिसणार, एकही जास्त नाही. सत्तावीसवर त्याच ओळी फक्त ताणून मोठ्या. तोच २७ इंची २५६० बाय १४४० चा घेतला, ज्याला दुकानात टू-के किंवा क्यूएचडी म्हणतात, तर ३६० पिक्सेल उंची वाढते, म्हणजे १८ ओळी जास्त. आणि ६४० पिक्सेल रुंदी वाढते, म्हणजे एक्सेलचे नेहमीच्या मापाचे दहा रकाने जास्त. काम वाढलं ते इथं.

फुल एचडी सत्तावीसचं दुसरं दुखणं ठिपक्याचं. साडेएकवीस इंचावर एक पिक्सेल ०.२५ मिलिमीटरचा, चोवीसवर ०.२७, सत्तावीसवर ०.३१. चांगल्या नजरेच्या माणसाला हा ०.३१ चा ठिपका दिसेनासा व्हायला मीटरभर लांब बसावं लागतं; तुम्ही बसणार अर्ध्या मीटरवर. इंग्रजी आकडे त्यात खपून जातात, देवनागरी खपत नाही. बारीक टायपात "श्री", "क्ष्म", "ट्र" असली जोडाक्षरं, रफार आणि अनुस्वार पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. दुकानात हे कळत नाही, कारण तिथं पडद्यावर डोंगर-धबधब्याचा व्हिडिओ चालू असतो आणि तुम्ही चार हातांवरून बघता. तुमच्या कारखान्याचं एखादं मराठी पत्र पेनड्राइव्हवर घेऊन जा, तिथं उघडायला लावा आणि खुर्ची ओढून ५० सेंटीमीटरवर बसून वाचा. दुकानदार हसला तर हसू द्या.

क्यूएचडीचा सत्तावीस मात्र ०.२३ चा ठिपका देतो, बावीसपेक्षाही बारीक. अक्षर सुबक दिसतं, पण लहान दिसतं. म्हणून पन्नाशीच्या पुढच्या माणसाला तो दिला की विंडोजमध्ये स्केल, म्हणजे अक्षरं-मेनू मोठे करायचं सेटिंग, १२५ टक्के करावं लागतं, आणि मग जास्तीची जागा बरीचशी मोठ्या अक्षरांत खर्च होते. त्यात तोटा काही नाही, फक्त हे माहीत असावं. काही जुनी सॉफ्टवेअर स्केल वाढवल्यावर पुसट दिसतात. तुमचं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर असेल तर आधी तपासा.

पुतण्याच्या टेबलाकडे येऊ. इथं जरा वेळ घालवतो, कारण सोलापुरात हा प्रश्न कायम येतो आणि त्याला उत्तर मात्र गेमिंगवाल्या पोरांच्या व्हिडिओतून शोधलं जातं.

जकार्डच्या डिझाईनमध्ये एक घर म्हणजे आडवा एक हुक (ताण्याचे धागे उचलणारा) आणि उभा एक पिक (बाण्याचा एक धागा). १३४४ हुकांची डिझाईन एका घराला एक पिक्सेल या मापाने उघडली तर ती १३४४ पिक्सेल रुंद. फुल एचडीच्या १९२० मध्ये ती सहज बसते, वर ५७६ पिक्सेल उरतात, त्यात रंगपेटी आणि टूलबार मावतात. म्हणजे आजच्या मशीनला २४ इंची फुल एचडीसुद्धा पुरतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. २६८८ हुकांची आली की गणित फिरतं. १९२० मध्ये ती बसत नाहीच, आणि २५६० मध्येही १२८ पिक्सेलने हुकते. पूर्ण रुंदी एका नजरेत हवी तर ३४४० रुंदीचा ३४ इंची अल्ट्रावाइड किंवा फोर-के (३८४० पिक्सेल रुंद) लागतो.

पण थांबा, लगेच अल्ट्रावाइडची ऑर्डर देऊ नका. डिझायनर दिवसभर काय करतो ते त्याच्या शेजारी बसून बघा. पूर्ण डिझाईन एका नजरेत तो दिवसातून मोजक्या वेळा बघतो; किनार जुळली का, बुट्टी मध्ये आली का, नाव सरळ बसलं का, एवढ्यापुरतं. बाकीचा वेळ आठपट-दहापट मोठं करून एकेक घर भरण्यात जातो. एका घराला आठ पिक्सेल धरले तर १९२० मध्ये २४० हुक दिसतात, २५६० मध्ये ३२०. उभ्या बाजूला १०८० मध्ये १३५ पिक, १४४० मध्ये १८०. हा फरक रोजच्या कामात जाणवतो, कारण एका बुट्टीची पूर्ण उंची नजरेत असली की सारखं वर-खाली सरकवावं लागत नाही, आणि सरकवतानाच घर चुकतं. टॉवेलची डिझाईन उभी कितीही लांब असली तरी ती कुठल्याच पडद्यावर पूर्ण मावणार नाही, त्याचा विचार सोडा.

म्हणून पुतण्याला २७ इंची, २५६० बाय १४४०, आयपीएस पॅनेलचा (पडद्याचा हा प्रकार तिरका बघितला तरी रंग फारसा बदलत नाही). २६८८ चं मशीन आलं तरी पूर्ण डिझाईन बघताना तो अर्ध्या मापावर बघेल, त्याने काही बिघडत नाही. ३४ इंची अल्ट्रावाइडची उंची सत्तावीसएवढीच असते, फक्त बाजूला जास्त पसरतो. दोन फुटी टेबलावर त्याची दोन्ही टोकं बघायला मान फिरवत बसावं लागेल. फोर-केमध्ये सत्तावीसवर ठिपका ०.१६ वर येतो, मग स्केल दीडशे टक्के करायचं, म्हणजे मेनू, रकाने, मजकूर यांच्यासाठी जागा पुन्हा क्यूएचडीइतकीच. अक्षर अधिक कोरीव, एवढाच लाभ. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावे असं मला या कामात वाटत नाही.

रंगाबद्दल एक गैरसमज आहे. डिझाईनसाठी रंग अचूक दाखवणारा महागडा मॉनिटर लागतो असं सांगून गळ्यात मारतात. ग्राफवरचा लाल, हिरवा, पिवळा हा सुताचा रंग नसतोच. अमुक घराला अमुक वीण एवढी ती खूण. तिथं रंग एकमेकांपासून वेगळे दिसले की झालं. परदेशी खरेदीदाराला टॉवेलचं चित्र पाठवायचं असेल तेव्हा एसआरजीबी (पडद्यावरच्या रंगांचं नेहमीचं प्रमाण) ९९ टक्के लिहिलेला आयपीएस कामी येतो, आणि हल्ली तो साध्या किमतीतही मिळतो. रंगाची खात्री शेवटी शेडकार्डावरच, म्हणजे रंगवलेल्या सुताच्या नमुन्यांवरच करायची, पडद्यावर कोणीही करू नये.

आयपीएसचा आग्रह मात्र मी दोन्ही टेबलांसाठी धरतो. जवळून मोठ्या पडद्याकडे बघताना मधला भाग सरळ दिसतो आणि कोपरे तिरक्या नजरेने. टीएन जातीच्या पॅनेलमध्ये त्या तिरक्या नजरेला रंग उडतो, व्हीए जातीच्या पॅनेलमध्ये गडद छटा फिकट पडतात. लहान पडद्यावर हे फारसं खटकत नाही, सत्तावीसवर खटकतं.

आता टेबल. २७ ला साठ ते पंचाहत्तर सेंटीमीटर अंतर हवं आणि तुमच्याकडे आहे पन्नास-पंचावन्न. उपाय दोन. मॉनिटरच्या पाठीवर चार भोकं असतील (बहुधा १०० बाय १०० मिलिमीटरवर, लहान पडद्यांना ७५ बाय ७५) तर स्टँड काढून सरळ भिंतीला बसवा, दहा-पंधरा सेंटीमीटर मिळतात. किंवा टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि मागे फळी ठोकून स्टँड तिच्यावर ठेवा. एमआयडीसीतला सुतार अर्ध्या दिवसात करून देतो, रुबाब नसेल पण काम होतं. मॉनिटर धरणारा, टेबलाला पकडीने बसणारा आर्म घ्यायचा असेल तर टेबल प्लायचं आहे का बघा. भुशाच्या बोर्डाला ती पकड दाबून फोडते.

अण्णांचं वेगळं आहे. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं बघायचा भाग भिंगाच्या खालच्या बाजूला असतो. पडदा उंच असला की वरच्या ओळी वाचायला माणूस हनुवटी वर करतो, तासाभरात मान आखडते. अशा माणसाला "मोठं दिसू दे" म्हणून ३२ आणून दिला तर त्रास वाढतो, कारण ३९ सेंटीमीटरची उंची आणि वर स्टँड. त्यांच्यासाठी पडदा खाली हवा, वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या बरीच खाली आणि पडदा किंचित मागे झुकलेला. म्हणून दिवाणजींच्या टेबलावर उंची कमी-जास्त होणारा स्टँड असलेला २४ घ्या. तो वर-खाली होतो का हे खोक्यावर लिहिलेलं असतं, स्वस्त मॉडेलांत फक्त झुकतो. अक्षर मोठं हवं तर एक्सेलचा झूम वाढवा. अण्णा रोज दोन-तीन तास बसणार असतील तर चष्मेवाल्याला अंतर सांगून फक्त कॉम्प्युटरसाठीचा चष्मा करून घ्या. त्या पैशात मॉनिटर मोठा करण्यापेक्षा जास्त आराम मिळेल.

फुल एचडी सत्तावीसला मी एवढी नावं ठेवली, पण त्याला एक जागा आहे. ज्याला सगळंच मोठं हवं, स्केलच्या भानगडीत पडायचं नाही, टेबल अडीच-तीन फूट खोल आहे आणि माणूस रेलून लांब बसतो, त्याला तो चालतो. पेढीवर बसणारे जुने शेट असेच बसतात. दोन फुटी टेबलावर नको.

दिवाणजींना एकाऐवजी दोन पडदे द्यावेत का? बिलांची एंट्री करायची असेल तर हो, खरंच द्या. एकीकडे पीडीएफ, एकीकडे टॅली, मध्ये सारखं ऑल्ट-टॅब दाबणं वाचतं. दोन बावीस शेजारी ठेवले की ९५ सेंटीमीटर पसरतात. टेबल चार फुटी असेल तर प्रिंटरला आणि चहाच्या कपाला जागा उरते, तीन फुटी असेल तर विसरा. जुना मॉनिटर चांगला चालत असेल तर तोच दुसरा म्हणून लावा, नवा कशाला?

टीव्ही लावायचा विचार कोणी सुचवलाच तर: ३२ इंची एचडी रेडी टीव्हीत आडवे १३६६ पिक्सेल, एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. सीसीटीव्ही बघायला ठीक. हिशेबाला नाही.

सोलापूरच्या हवेचंही बोललं पाहिजे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारचा उजेड ऑफिसात भिंती पांढऱ्या करून टाकतो. पडदा खिडकीच्या समोरासमोर किंवा खिडकीकडे पाठ करून ठेवू नका, काटकोनात ठेवा. पडदा जेवढा मोठा तेवढं त्यात खिडकीचं प्रतिबिंब यायची शक्यता जास्त, म्हणून चकचकीत पृष्ठभागाचा घेऊच नका, मॅट घ्या. आणि ब्राइटनेस २५० निट्सच्या (उजेडाचं माप, खोक्यावर असतं) खाली नको. कारखान्यात सुताची धूळ उडते, ती पडद्यावर चिकटते, आणि मग कोणीतरी काच पुसायचा स्प्रे थेट पडद्यावर मारतो. ते पाणी ओघळून खालच्या पट्टीत शिरतं. बऱ्याच पॅनेलांत तिथंच इलेक्ट्रॉनिक्स असतं, आणि दुसऱ्या दिवशी उभ्या रेघा येतात. वॉरंटीत ते धरत नाहीत. मऊ कापड किंचित ओलं करून, पडदा बंद असताना पुसा.

जुनं मशीन वापरणार असाल तर पोर्ट बघा. तुमचे डेस्कटॉप नवे आहेत म्हणून अडचण येऊ नये, पण इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या मशीनवर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर, एचडीएमआयवरून १९२० बाय १२०० च्या वर जात नाही. त्याला क्यूएचडी जोडला तर पडदा पुसट दिसतो आणि दोष मॉनिटरला लागतो. डिस्प्लेपोर्ट असेल तर ती केबल वापरा. निळी व्हीजीए केबल चोवीसच्या पुढे लावूच नये.

विजेचा विचार कराल तर २७ इंची पडदा बावीसपेक्षा दहा-पंधरा वॅट जास्त खातो. नेहमीच्या ६०० व्हीएच्या यूपीएसला त्याने काही होत नाही, लाईट गेल्यावर मिनिट-दोन मिनिटं कमी मिळतील एवढंच.

जीएसटीचं विचारलं होतंत. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरला १८ टक्के आधीपासून आहे. त्यापेक्षा मोठ्याला २८ होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वर आला, त्यामुळे आता कराच्या धाकाने माप ठरवायचं कारण उरलेलं नाही. बिल कारखान्याच्या जीएसटी नंबरवर घ्या म्हणजे इनपुट क्रेडिट मिळेल; घाईत पुतण्याच्या नावावर घेऊ नका.

आणि दुकानातून उचलण्याआधी दोन्ही पडदे चालू करून पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पाच रंग लावून बघा. एखादा मेलेला ठिपका तिथंच दिसला तर बदलून मिळतो. घरी नेल्यावर एका ठिपक्यासाठी कंपन्या सहसा बदलून देत नाहीत. सत्तावीसचं खोकं स्कूटरवर पायाशी आडवं ठेवून नेऊ नका. अक्कलकोट रोडचे खड्डे तुम्हाला ठाऊक आहेत, रिक्षा करा आणि खोकं उभं धरा.